निवडणुकीचा निकाल वादात पडला की राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलने कुणाची बाजू लढवायची?

पारिजातक

मंडळी, हा विषय २०२० पासून मनात घर करून बसलाय. आज लिहूनच काढते.

त्या वर्षी मी अमेरिकेत पहिल्यांदा मत दिलं. नागरिकत्वाची शपथ घेऊन जेमतेम वर्ष झालं होतं. करोनामुळे मी आणि नवऱ्याने पोस्टाने मत पाठवायचं ठरवलं. आमच्या पेनसिल्व्हेनियात पोस्टाच्या मताला दोन पाकिटं असतात. मतपत्रिका आधी आतल्या कोऱ्या पाकिटात घालायची, मग ते पाकीट बाहेरच्या पाकिटात, आणि त्यावर सही आणि तारीख. आतलं पाकीट विसरलं तर मत बाद, असं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरातच सांगून टाकलं होतं. त्यामुळे जेवणाचं टेबल पुसून, हात कोरडे करून, बारावीचा बोर्डाचा पेपर असावा तशा आम्ही काळ्या पेनाने त्या लंबगोल चौकटी भरल्या. चिकटवण्याआधी तीनदा तपासलं. राज्याच्या वेबसाइटवर 'मत पोचले' दिसलं तेव्हा आईला पुण्याला फोन केला.

आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बातमी आली. टेक्सासचे अ‍ॅटर्नी जनरल केन पॅक्स्टन (म्हणजे त्या राज्याचे सर्वोच्च सरकारी वकील) थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलेत. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत बायडेन यांनी ट्रम्पना हरवलेल्या पेनसिल्व्हेनिया, जॉर्जिया, मिशिगन आणि विस्कॉन्सिन या चार राज्यांनी नियम मोडून निवडणूक घेतली, तेव्हा तिथल्या मतांवरून इलेक्टर (राष्ट्राध्यक्ष निवडणारे राज्याचे प्रतिनिधी) ठरवू नयेत, ते तिथल्या विधिमंडळांनी नेमावेत, असं त्यांचं मागणं. चार राज्यांची मिळून ६२ इलेक्टोरल मतं. आणखी १७ राज्यांच्या एजींनी (पुढे एजीच म्हणते) या मागणीला लेखी पाठिंबा दिला. काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, १२६ खासदारांनीही दिला. ११ डिसेंबरला न्यायालयाने दावा दाखलच करून घेतला नाही. दुसरं राज्य आपली निवडणूक कशी घेतं, यात न्यायालयाने दखल घ्यावी असा काही हितसंबंध टेक्सासला दाखवता आलेला नाही, एवढ्याच आशयाचे दोन-तीन वाक्यांचे कारण.

ते तीन-चार दिवस मला नीट झोप नव्हती. हजारो मैलांवरचा एक सरकारी वकील, ज्याला मी निवडलं नाही आणि पाडूही शकत नाही, तो माझं मत कचऱ्यात टाका म्हणत होता.

माझा प्रश्न पक्षाचा नाही. निवडणूक वादात पडली की राज्याच्या एजीचं नेमकं काम काय? तो कुणाचा वकील? राज्यपालाचा, पक्षाचा, विधिमंडळाचा, की मतदारांचा? अमेरिकेतल्या वेगवेगळ्या राज्यांतले अनुभव वाचायला आवडतील. भारतातल्या वकील मंडळींनीही लिहावं.

---

अण्णा_नागपूर

शीर्षक वाचून मी लगबगीने आत आलो. आमच्या नागपुरात 'एजी ऑफिस' म्हणजे महालेखाकारांचं कार्यालय, सिव्हिल लाइन्समधलं. माझी ३१ वर्षं तिथे गेली. म्हटलं निवडणुकीच्या खर्चाचं ऑडिट निघालं की काय! :)

असो. तुमचा अनुभव वाचून वाईट वाटलं ताई. पहिलं मत माणूस विसरत नाही. वाचतोय.

---

टवाळ_पोर

अण्णा, हसून हसून पुरेवाट!

---

फ्रिस्कोकर

मी टेक्सासात १८ वर्षं राहतोय आणि पॅक्स्टनना मत दिलेलं आहे. त्यामुळे दुसरी बाजू मी मांडतो. शिव्या न देता चर्चा व्हावी ही विनंती.

१. राष्ट्राध्यक्ष सगळ्यांचा एकच असतो. पेनसिल्व्हेनियाने नियम वाकवले तर त्याचा परिणाम माझ्या मतावरही होतो. मग माझ्या राज्याच्या वकिलाने का बोलू नये?

२. राज्यघटना म्हणते की इलेक्टर कसे नेमायचे हे प्रत्येक राज्याच्या विधिमंडळाने ठरवायचं. पेनसिल्व्हेनियात मतपत्रिका पोचायची मुदत तीन दिवसांनी वाढवली ती विधिमंडळाने नव्हे, न्यायालयाने. हा प्रश्न काही हवेतला नव्हता.

३. राज्याने राज्यावर दावा लावायचा तर तो थेट सर्वोच्च न्यायालयातच लागतो. पॅक्स्टन यांनी आडवाट धरली नव्हती.

दावा फेटाळला गेला, मान्य. पण विचारायचंच नाही हे मला पटत नाही. हे माझं वैयक्तिक मत.

---

साताऱ्याचा_वकील

पारिजातक, तुम्ही बोलावलंत म्हणून आलो. आधी शब्दांचा गुंता सोडवतो, कारण मराठी वर्तमानपत्रांत इथे हमखास घोळ होतो.

आपल्याकडे केंद्राचा तो महान्यायवादी, राज्यघटनेचा अनुच्छेद ७६. राज्याचा तो महाधिवक्ता, अनुच्छेद १६५. महाधिवक्त्याला राज्यपाल नेमतात आणि राज्यपालांची मर्जी असेतो तो पदावर राहतो. प्रत्यक्षात ती नेमणूक सरकारची, आणि सरकार बदललं की बहुतेक वेळा तोही बदलतो. अमेरिकेत ४३ राज्यांत एजी थेट लोकांच्या मतांनी निवडून येतो. पाच राज्यांत गव्हर्नर नेमतो, मेनमध्ये विधिमंडळ निवडतं आणि टेनेसीत राज्याचं सर्वोच्च न्यायालय नेमतं. म्हणजे आपला महाधिवक्ता हा सरकारने केलेला वकील, आणि त्यांचा एजी हा स्वतःच पुढारी. स्वतःची पत्रकं, स्वतःच्या सभा, आणि पुढच्या गव्हर्नरपदावर डोळा.

दुसरं, निवडणुकीचा वाद. आपल्याकडे मतदान-मोजणी चालू असताना न्यायालय मध्ये पडत नाही. निकालानंतर ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका. २०२४ ला मुंबई वायव्य मतदारसंघात ४८ मतांनी निकाल लागला. हरलेले उमेदवार उच्च न्यायालयात गेले, डिसेंबरात याचिका फेटाळली गेली. भांडण दोन उमेदवारांचं होतं. महाराष्ट्र सरकार विरुद्ध अमुक असं त्याचं स्वरूप नव्हतं. निवडणूक घेणारा आयोग राज्य सरकारच्या हाताखाली नसल्यामुळे महाधिवक्त्याला त्यात पडायचं कारणच उरत नाही. अमेरिकेत निवडणूक राज्यं घेतात, काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारखे भाग) घेतात. त्यामुळे निवडणुकीवर खटला झाला की बचावाला राज्याचाच वकील उभा राहतो. एजीची भूमिका इथून सुरू होते.

फ्रिस्कोकर यांच्या तिसऱ्या मुद्द्याबद्दल. राज्य विरुद्ध राज्य असा थेट दावा आपल्याकडेही आहे, अनुच्छेद १३१. बेळगावच्या सीमाप्रश्नावर महाराष्ट्राने २००४ ला कर्नाटकाविरुद्ध लावलेला दावा त्यातलाच. पण बघा, तिथे महाराष्ट्र काय म्हणतो? ही गावं, ही माणसं आमच्यात यायला हवीत. जमीन, पाणी, माणसं, काहीतरी आपलं आहे. टेक्सासचं पेनसिल्व्हेनियाच्या मतपेटीत काय अडकलं होतं? न्यायालयाने नेमका हाच प्रश्न विचारला आणि उत्तर मिळालं नाही.

---

सई_दातार्डे

मस्त माहितीपूर्ण प्रतिसाद वकीलसाहेब. 'महान्यायवादी' आणि 'महाधिवक्ता' यातला फरक आज कळला.

---

आकडेमोड

मी संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे त्या दाव्यातल्या एका गोष्टीने माझी तेव्हा झोप उडवली होती.

बायडेन यांनी ती चार राज्यं जिंकण्याची शक्यता एका क्वाड्रिलियनात एकापेक्षाही कमी, असं त्यात लिहिलं होतं. एकावर पंधरा शून्यं. आपल्या जुन्या संख्यानामांत याला 'अंत्य' म्हणतात: खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य. एवढा मोठा आकडा ऐकला की माणूस गप्प बसतो, आणि त्याचसाठी तो वापरला जातो.

हा आकडा आला कुठून? २०१६ ला हिलरी क्लिंटनना जसं मतदान झालं अगदी तसंच २०२० ला बायडेनना होईल, असं धरून चालले. आणि रात्री आधी मोजलेली मतं व नंतर मोजलेली मतं एकाच पोत्यातून वर-खाली करून काढली आहेत, असंही धरलं. दोन्ही गृहीतकं चूक. चार वर्षांत लोक मत बदलतात, म्हणून तर निवडणूक घेतात. आणि केंद्रावर जाऊन दिलेली मतं आधी मोजली, पोस्टाची नंतर. पोस्टाने मत देणाऱ्यांत बायडेनचे मतदार जास्त होते हे तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं. एका पोत्यात हापूस आणि दुसऱ्यात पायरी भरलेली असताना दुसऱ्यातून हापूस निघत नाही म्हणून कुणी चोरीची फिर्याद देत नाही.

मला राग आला तो एवढ्यासाठी की हे कागद एका राज्याच्या सर्वोच्च सरकारी वकिलाच्या सहीने गेले. प्रचारसभेत कुणीही काहीही बोलतो. न्यायालयात सही करताना सरकारी वकिलाने आधी आकडा तपासायला हवा. टेक्सासचे तेव्हाचे सॉलिसिटर जनरल काइल हॉकिन्स, म्हणजे सर्वोच्च न्यायालयात राज्याची बाजू एरवी जो मांडतो तो माणूस, त्यांचं नाव त्या दाव्यावर नव्हतं.

---

नोव्हीची_सुलेखा

मी त्या चारपैकी एका राज्यात, मिशिगनमध्ये, पोस्टाची मतं मोजायला बसले होते. त्यामुळे कोरड्या कायद्याच्या पलीकडचं थोडं सांगते.

सकाळी सातच्या आधी हजर. शपथ. फोन बाहेर. रात्री आठला मतदान संपेपर्यंत त्या खोलीतून कुणालाही बाहेर सोडत नाहीत. माझ्या टेबलावर मी, एक निवृत्त शाळामास्तर आणि एक तरुण नर्स. नियमच असा की खोलीत दोन्ही पक्षांची माणसं हवीत. मास्तर पक्के रिपब्लिकन, हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं आणि नंतर दिवसभर आम्ही त्यांच्या नातवाबद्दल बोललो.

काम काय, तर पाकीट उघडायचं. मतपत्रिकेच्या वरच्या टोकाला एक क्रमांकाची पट्टी असते. तो क्रमांक पाकिटावरच्या क्रमांकाशी जुळवायचा, मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने हो म्हणायचं. मग ती पट्टी फाडायची, म्हणजे मत कुणाचं हे कुणालाच कळू नये. मग घडी उलटी दाबून कागद सपाट करायचा, नाहीतर मशिनमध्ये अडकतो. संध्याकाळपर्यंत माझ्या अंगठ्याला त्या घड्यांनी चरे पडले होते. एका पाकिटाचा क्रमांक जुळेना, तेव्हा मास्तरांनी चष्मा पुसून तीनदा बघितला. एका घरातल्या नवरा-बायकोच्या पाकिटांची अदलाबदल झाली होती. ते बाजूला ठेवलं, नोंद केली, पर्यवेक्षकाला बोलावलं.

पाच आठवड्यांनी टेक्सासचा दावा वाचला तेव्हा मला ते मास्तर आठवले. हे सगळं एका फटक्यात खोटं ठरवायचं असेल तर त्या माणसाने किमान एकदा येऊन त्या टेबलाशी बसायला हवं होतं.

पारिजातक, तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर सोपं आहे. एजी हा माझ्या टेबलाचा वकील. आम्ही चुकलो असू तर तसं सांगणारा, आणि बरोबर असू तर आमच्या मागे उभा राहणारा.

---

राघूमैना

सुलेखाताई, काटा आला वाचताना. _/\_

---

टवाळ_पोर

अवांतर: तिकडे बोटाला शाई लावत नाहीत म्हणे. मग मत दिल्याचा फोटो कशाचा टाकता?

---

पारिजातक

@टवाळ_पोर, 'मी मत दिलं' असं लिहिलेलं गोल स्टिकर देतात. पोस्टाने दिलं तर तेही नाही. लेकीने माझ्यासाठी वहीच्या कागदावर रंगवून दिलं होतं, अजून फ्रिजवर आहे.

---

फ्रिस्कोकर

सुलेखाताई, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, मनापासून. पण मग नाण्याची दुसरी बाजूही बघा. तुमच्याच राज्याच्या एजी डेना नेसल यांनी जुलै २०२३ मध्ये १६ रिपब्लिकन 'पर्यायी इलेक्टरां'वर, म्हणजे राज्य ट्रम्पनीच जिंकलं अशा प्रमाणपत्रावर सह्या करणाऱ्यांवर, फौजदारी गुन्हे लावले. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायाधीशांनी खटला उभाच राहू दिला नाही, फसवणुकीचा हेतू दिसत नाही म्हणून. दोन वर्षं त्या माणसांची काय अवस्था झाली असेल? त्यातली काही सत्तरी ओलांडलेली होती. पॅक्स्टननी केलं ते राजकारण आणि नेसलनी केलं ती न्यायाची चाड, असं कसं?

---

साताऱ्याचा_वकील

फ्रिस्कोकर, हा मुद्दा वजनदार आहे, टाळून चालणार नाही.

फरक एवढाच दिसतो की नेसल यांनी आपल्या राज्यात, आपल्या कायद्याखाली, आपल्या न्यायालयात गुन्हा लावला आणि तिथल्याच न्यायाधीशांनी त्यांना थांबवलं. हद्द त्यांची होती. गुन्हा लावण्याचा निर्णय शहाणपणाचा होता का हा वेगळा प्रश्न, आणि न्यायालयाने त्याचं उत्तर दिलं आहे.

न्यू मेक्सिकोचं उदाहरण मला जास्त शिकवून जातं. तिथेही अशीच खोटी प्रमाणपत्रं झाली होती. एजी राऊल टोरेझ डेमोक्रॅट. त्यांनी तपास केला आणि जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केलं की कृत्य वाईट, पण आमच्या राज्यात याला लागू पडेल असा कायदा नाही, म्हणून गुन्हा लावणार नाही. आणि विधिमंडळाला सांगितलं की कायदा करा. आपल्या पक्षाची माणसं नाराज होतील हे माहीत असून असं बोलणं सोपं नसतं.

---

इतिहासवेडा

हे सगळं २०२० ला सुरू झालं असं वाटत असेल तर १८७६ ला चला.

राष्ट्राध्यक्षपदासाठी रिपब्लिकन हेझ विरुद्ध डेमोक्रॅट टिल्डन. फ्लोरिडा, लुइझियाना, साउथ कॅरोलायना आणि ओरेगनमधलं एक, अशी २० इलेक्टोरल मतं वादात. फ्लोरिडात मतं तपासायला तिघांचं मंडळ होतं: राज्याचे सचिव, हिशेबनीस आणि एजी. पहिले दोघे रिपब्लिकन. एजी विल्यम आर्चर कॉक हे डेमोक्रॅट. मंडळाने हेझ यांच्या बाजूने कौल दिला. गव्हर्नरांनी हेझच्या इलेक्टरांच्या कागदावर सही केली. आणि कॉक यांनी एजी म्हणून टिल्डनच्या इलेक्टरांच्या वेगळ्या कागदावर सही केली. एकाच राज्यातून वॉशिंग्टनला दोन निकाल गेले, त्यातला एक एजीच्या सहीचा!

शेवटी काँग्रेसने १५ जणांचा आयोग नेमला, त्याने दर वेळी ८ विरुद्ध ७ असा कौल दिला आणि हेझ १८५ विरुद्ध १८४ ने जिंकले. त्या तडजोडीत दक्षिणेतलं सैन्य मागे घेतलं गेलं आणि नुकताच मताचा हक्क मिळालेल्या कृष्णवर्णीयांना वाऱ्यावर सोडलं गेलं. पुढची जवळजवळ नव्वद वर्षं त्यांनी त्याची किंमत मोजली. निकालाचे वाद वरच्या वर मिटतात आणि खाली कुणाचं काय जातं याचा हिशेब कुणी ठेवत नाही. मला या सबंध प्रकरणात सगळ्यात जास्त लागतं ते हे.

याच गोंधळातून पुढे १८८७ चा इलेक्टोरल काउंट अ‍ॅक्ट आला.

---

फ्लोरिडाकाका

वा! मग २००० ची बुश विरुद्ध गोर ही राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक माझ्याकडे. तेव्हा मी एच-१बी वर, पाम बीच काउंटीत, मताचा अधिकार नाही, पण टीव्हीपुढून उठत नव्हतो. अधिकारी भोक पाडून मत द्यायचं कार्ड दिव्यासमोर धरून, डोळे बारीक करून बघताहेत की कागदाचा तो इवलासा तुकडा पूर्ण पडलाय, लोंबतोय, की नुसता फुगलाय. आमच्या ऑफिसात दुपारच्या डब्याला तेवढा एकच विषय.

त्या वेळचे एजी बॉब बटरवर्थ, डेमोक्रॅट, आणि गोर यांच्या फ्लोरिडातल्या प्रचाराचे अध्यक्ष. निवडणूक ज्यांच्या खात्याखाली त्या कॅथरिन हॅरिस, रिपब्लिकन, आणि बुश यांच्या तिथल्या प्रचाराच्या सहअध्यक्ष. सांगा आता! हॅरिस यांच्या निवडणूक विभागाने कळवलं की मशिन बिघडलं नसेल तर हाताने फेरमोजणी करता येत नाही. बटरवर्थ यांनी लगोलग उलट मत दिलं की करता येते. काउंटीच्या मंडळांच्या हातात एकाच राज्य सरकारची दोन परस्परविरोधी पत्रं. बिचाऱ्यांनी करायचं काय?

पण एक गोष्ट बटरवर्थ यांच्या बाजूची सांगायला हवी. परदेशातल्या सैनिकांच्या मतपाकिटांवर टपालाचा शिक्का नाही म्हणून ती बाद होत होती. ती मतं बहुतेक बुश यांना जाणार हे उघड होतं. तरी त्यांनी काउंट्यांना कळवलं की सही आणि तारीख असेल तर मोजा. शेवटी फरक किती राहिला? ५३७ मतं. त्या पत्राबद्दल गोर यांच्या गोटात काय वाटलं असेल याची कल्पना करा.

---

अटलांटावासी

जॉर्जियाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

आमचे एजी ख्रिस कार, रिपब्लिकन. टेक्सासचा दावा आला त्याच दिवशी त्यांच्या कार्यालयाने सांगितलं की हा दावा घटनेच्या, कायद्याच्या आणि वस्तुस्थितीच्या दृष्टीने चूक आहे. बाकीच्या तीन राज्यांचे एजी डेमोक्रॅट होते, त्यांच्याकडून विरोध अपेक्षितच. कार यांना मात्र स्वतःच्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध जावं लागलं. ट्रम्प यांनी त्यांना फोन करून इतर रिपब्लिकन एजींना या दाव्याविरुद्ध फिरवू नका असं बजावल्याच्या बातम्याही आल्या. तेव्हा आमच्याकडची सुमारे ५० लाख मतं तीनदा मोजून झाली होती, त्यात एकदा हाताने. फरक ११,७७९.

आणि याच कार यांची पुढची गोष्ट. ते रिपब्लिकन एजींच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष होते. त्या संघटनेच्या एका शाखेने ६ जानेवारी २०२१ च्या मोर्चाला (ज्यानंतर जमावाने संसद भवनावर हल्ला केला) या म्हणून लोकांना ध्वनिमुद्रित फोन केले होते. कायदा राखणाऱ्यांची संघटना! ते उघडकीला आल्यावर संचालकांनी राजीनामा दिला, आणि एप्रिलमध्ये कारही अध्यक्षपदावरून बाजूला झाले.

आयडाहोचे लॉरेन्स वॉसडेन हेही रिपब्लिकन. २००३ पासून एजी. त्यांनी टेक्सासच्या पाठिंब्यावर सही केली नाही, कारण आज आपण दुसऱ्याच्या निवडणुकीत हात घातला तर उद्या ते आपल्यात घालतील. २०२२ च्या पक्षांतर्गत निवडणुकीत ते पडले. केवळ या सहीमुळेच पडले असं मी म्हणणार नाही, पण सही न करणाऱ्याला बक्षीस मिळालं नाही एवढं खरं.

---

कोकणचा_पाऊस

पण अमेरिकेचा अ‍ॅटर्नी जनरल बिल बार होता ना तेव्हा? त्याने काय केलं?

---

अटलांटावासी

@कोकणचा_पाऊस, बार हे केंद्राचे. १ डिसेंबर २०२० ला त्यांनीच सांगितलं होतं की निकाल फिरेल एवढ्या प्रमाणावरची गडबड आढळलेली नाही. हा धागा राज्यांच्या एजींचा आहे. ते केंद्राच्या हाताखाली नसतात. आणि म्हणूनच राष्ट्राध्यक्षांची माफी राज्याच्या गुन्ह्याला लागू पडत नाही.

---

फिनिक्सकर

अ‍ॅरिझोना राहिलं. इथे एजीची भूमिका दोन टोकांची पाहिली.

२०२१ मध्ये राज्याच्या सिनेटने खाजगी कंपनीकडून मॅरिकोपा काउंटीची मतं तपासून घेतली. २८२ मृतांच्या नावे मतदान झालं असा आरोप आला. रिपब्लिकन एजी मार्क ब्रनोविच यांच्या तपासनिसांनी एकेका नावाचा माग काढला. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांनी सिनेटच्या अध्यक्षांना कळवलं: २८२ पैकी मृत एक. बाकीच्यांना आपण 'मेलो' असल्याचं ऐकून काय वाटलं असेल! आमच्या ओळखीतले एक आजोबा त्या दिवसांत मुद्दाम गल्लीतून मोठ्याने नमस्कार करत फिरायचे, मी आहे बरं का म्हणून.

पण हेच ब्रनोविच. त्यांच्या तपासनिसांनी सबंध निवडणुकीत गडबड सापडली नाही असा अहवाल लिहून दिला होता, आणि तो त्यांनी लोकांपुढे ठेवलाच नाही. त्यांच्यानंतर आलेल्या क्रिस मेज यांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये ते कागद खुले केले. खरं माहीत असून सरकारी वकिलाने ते कपाटात ठेवणं, हे मला खोटा दावा लावण्याइतकंच वाईट वाटतं. ते कागद वर्षभर आधी बाहेर आले असते तर निवडणूक केंद्रांवरच्या कित्येक कर्मचाऱ्यांना धमक्या सोसत काम करावं लागलं नसतं.

मेज स्वतः किती मतांनी निवडून आल्या? सुमारे २५ लाखांतून २८०. आधी फरक ५११ दिसत होता, फेरमोजणीत २८० झाला.

त्याच निवडणुकीत कोचीस काउंटीच्या दोघा पर्यवेक्षकांनी मुदतीत निकाल प्रमाणित करायला नकार दिला. न्यायालयाने आदेश दिल्यावर काम झालं. पुढे मेज यांनी त्या दोघांवर गुन्हे लावले आणि एकीने कबुली दिली. मोजणी आपल्याला आवडो न आवडो, सही करायचं काम असेल तर सही करायची, एवढं तरी त्यातून ठरलं.

---

सई_दातार्डे

२८२ मधला एक. आकडेमोड सर, याची संभाव्यता काढा :)

---

फ्रिस्कोकर

फिनिक्सकर, अहवाल दडवल्याचं मला खरंच माहीत नव्हतं. ते चूकच. अशाने आमच्यासारख्या प्रामाणिक शंका असलेल्या माणसांचीच फसवणूक होते. २०२० ला कुणीतरी मला २८२ ऐवजी १ हा आकडा तेव्हाच दाखवला असता तर माझी मतं थोडी वेगळी असती.

माझा पहिला मुद्दा मात्र सोडत नाही. राज्याराज्यांत नियम वेगळे आणि अध्यक्ष एक, ही अडचण खरी आहे. ओहायोचे एजी डेव्ह योस्ट यांनी तेव्हा मधली वाट काढली होती. टेक्सास मागतंय तो उपाय देण्याचा न्यायालयाला अधिकार नाही, पण विधिमंडळाच्या अधिकाराचा मूळ प्रश्न सोडवा, असं त्यांनी लिहिलं. आज मागे वळून बघताना वाटतं की तेवढ्यावर थांबायला हवं होतं.

---

साताऱ्याचा_वकील

फ्रिस्कोकर, असं लिहायला मोठं मन लागतं. आणि योस्ट यांचं उदाहरण चपखल.

फक्त एक जोडतो. नियम विधिमंडळानेच बदलावेत हा आग्रह असेल तर तो घरापासून धरावा लागतो. २०२० ला टेक्सासमध्ये मुदतपूर्व मतदानाचे सहा दिवस वाढवले ते गव्हर्नर अ‍ॅबट यांनी आपल्या घोषणेने. करोनात ते योग्यच होतं. पेनसिल्व्हेनियाच्या न्यायालयाने दिलेल्या तीन दिवसांत आलेली मतं तर वेगळी ठेवली होती, सुमारे दहा हजार, आणि तिथला फरक ८०,५५५.

आता कायद्याने काही दारं लावली आहेत. १८८७ च्या त्या कायद्यात डिसेंबर २०२२ ला झालेल्या दुरुस्तीनुसार राज्याच्या वतीने गव्हर्नरचं (किंवा राज्याच्या कायद्याने ठरलेल्या अधिकाऱ्याचं) एकच प्रमाणपत्र धरायचं. काँग्रेसमध्ये हरकत घ्यायला दोन्ही सभागृहांच्या एक पंचमांश सभासदांच्या सह्या लागतात, पूर्वी एकेक पुरे. १८७६ सारखं एजीने वेगळा कागद पाठवणं आता चालणार नाही. पण दावा लावायचा की नाही, बचाव कसा करायचा, तपासात सापडलेलं लोकांना सांगायचं की नाही, हे अजूनही त्या एका माणसाच्या हातात आहे.

---

इतिहासवेडा

मग एजी निवडून आणण्याऐवजी नेमावा का? टेनेसीसारखा?

---

अटलांटावासी

टेनेसीच्या एजींनीही टेक्सासच्या बाजूने सही केली होती. न्यायालयाने नेमलेले असून. त्यामुळे नेमणुकीने प्रश्न सुटतो असं दिसत नाही.

---

नोव्हीची_सुलेखा

अण्णा, तुम्ही ३१ वर्षं ऑडिटमध्ये काढलीत. वरिष्ठांना नको असलेला शेरा लिहायची वेळ आली तेव्हा काय करायचात?

---

अण्णा_नागपूर

सुलेखाताई, लिहायचो. पेन्सिलीने नाही, शाईने. मग बदली व्हायची. दोनदा झाली. बायको सामान बांधताना काही बोलली नाही, तेवढं पुरे होतं मला.

---

पारिजातक

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढी चांगली चर्चा होईल असं वाटलं नव्हतं. फ्रिस्कोकर, तुम्ही शांतपणे लिहीत राहिलात, तुमचे विशेष आभार.

परवा माळा आवरताना २०२० ची नमुना मतपत्रिका सापडली, काउंटीने आधी पाठवली होती ती. मी विसरूनच गेले होते की त्याच कागदावर राष्ट्राध्यक्षांच्या खालीच आमच्या एजीची निवडणूकही होती. जोश शपिरो त्याच मतांनी दुसऱ्यांदा निवडून आले, आणि महिन्याभरात त्यांनीच सर्वोच्च न्यायालयात त्या मतांचा बचाव केला. टेक्सासला मात्र त्या कागदावरची फक्त पहिली चौकट खोडायची होती. खालच्या चौकटी, म्हणजे एजी, खासदार, आमदार, सगळं कसं चालत होतं. पाठिंबा देणाऱ्या १२६ खासदारांत आमच्या राज्यातलेही होते, त्याच कागदावर निवडून आलेले. तोच कागद, तीच शाई, तेच आतलं पाकीट.

वकीलसाहेब, तुम्ही म्हणालात की काहीतरी आपलं असावं लागतं. माझ्यापुरतं मला उत्तर मिळालं. सुलेखा म्हणाली तसा तो टेबलाचा वकील. आमच्याकडे एजीची पुढची निवडणूक २०२८ ला आहे. तेव्हा उमेदवार कुठल्याही पक्षाचा असो, सभेत उठून एकच विचारणार आहे: तुमच्या तपासात तुमच्या पक्षाच्या विरोधात काही सापडलं, तर ते आम्हाला किती दिवसांत सांगाल?

---

फ्रिस्कोकर

हा प्रश्न मी इथे २०२६ लाच विचारतो. आमच्याकडे निवडणूक आधी आहे.

---

अण्णा_नागपूर

दोघांनीही उत्तर काय मिळतं ते इथे येऊन लिहा. शाईने.